सीमा, संघ आणि दंडविधान



या विद्यालयाने आपल्या दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. कायद्यासारखा रूक्ष वाटणारा विषय चालकांनी विनातक्रार मान्य केला, हाही त्या शिक्षकांच्या शिकवणीचाच एक गौरव मानतो. विषय असा आहे : अनेक राज्ये एकत्र येऊन संघ स्थापन करतात, तेव्हा त्या संघात दंडविधान, म्हणजे गुन्हा आणि शिक्षा यांचा कायदा, कसा वाढत जातो?

हा प्रश्न विद्यापीठांच्या दालनांत चर्चिला जातो तो बहुधा युरोपीय संघाच्या संदर्भात. परंतु लाटंबार्से हे सीमेवरचे गाव आहे. येथून दोडामार्गाकडे निघालेला माणूस थोड्याच वेळात एका राज्याच्या कायद्यातून दुसऱ्या राज्याच्या कायद्यात जातो, आणि बहुतेक वेळा त्याला त्याची जाणीवही नसते. सीमेवर राहणाऱ्यांना जे अनुभवाने ठाऊक असते, ते पंडितांना ग्रंथांतून शोधावे लागते. म्हणून हा विषय येथे मांडण्यास मला संकोच वाटत नाही.

माझे प्रतिपादन आरंभीच एका वाक्यात सांगून ठेवतो. संघ कोणताही असो, दंड सीमा आधी ओलांडतो आणि माणसाचे हक्क मागाहून येतात. मधल्या काळात जे अंतर राहते, त्यातच अन्यायाला जागा मिळते. हे अंतर कसे पडते आणि कसे भरून निघते, ते आपण तीन ठिकाणी पाहू : आपल्या सीमेवर, युरोपात आणि मुक्तीनंतरच्या गोव्यात.

आपली सीमा

एक साधे उदाहरण घ्या. गोव्यातील परवानाधारक दुकानातून रीतसर पैसे देऊन घेतलेली मद्याची बाटली आवश्यक परवान्याशिवाय दोडामार्गापलीकडे नेली, तर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली महाराष्ट्रात तो अपराध ठरतो. बाटली तीच, माणूस तोच, देशही तोच. बदलला तो फक्त रस्त्याचा एक तुकडा. याचे कारण आपल्या संविधानात आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, पोलीस आणि मद्य हे विषय राज्यसूचीत आहेत, आणि परराष्ट्रांशी होणारे प्रत्यार्पण संघसूचीत आहे. संविधानाचा पहिलाच अनुच्छेद भारताला राज्यांचा संघ म्हणतो, आणि ही वाटणी त्या शब्दाचाच विस्तार आहे.

ही सीमा मुळात दोन राज्यांमधली नव्हती. डिचोली महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला. सोयरसंबंध, देवस्थाने, बाजारहाट दोन्हीकडे पसरलेले राहिले, आणि मधून दोन साम्राज्यांची रेषा गेली. अशा रेषेचा पहिला परिणाम असा होतो, की एका बाजूचा अपराधी दुसऱ्या बाजूचा आश्रित ठरतो. १८४४-४५ मध्ये सावंतवाडीच्या मुलखात इंग्रजांविरुद्ध बंड झाले. ते मोडल्यावर काही बंडवाले गोव्यात आश्रयाला आले, आणि पोर्तुगीज शासनाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही. राजकीय अपराध्याचे प्रत्यार्पण करू नये, हे तत्त्व आज आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत असते. आपल्या परिसराने त्याचे रूप दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पाहिले होते.

यापुढची घटना आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात दोघांच्या हिंदुस्थानातील मुलखांसंबंधी एक करार झाला. त्याचे नावच व्यापार आणि प्रत्यार्पण यांचा करार असे होते. ही दोन्ही नावे एका दमात घेतली गेली, हे ध्यानात ठेवावे. १८८० पासून १२ वर्षे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकातीचा संघ होता. मधली जकातीची रेषा उठली. मार्मागोव्याचे बंदर आणि लोहमार्ग यांची योजना याच कराराशी जोडलेली होती. परंतु बाजार एक झाला, की बाजाराचे उत्पन्न राखण्याचे नियमही एक करावे लागतात. मिठावरील इंग्रजांची मक्तेदारी गोव्याच्या मिठागरांपर्यंत आली, आणि अबकारीची मुंबई इलाख्यासारखी पद्धत माडांपर्यंत पोहोचली. पोर्तुगीज सरकारला मोबदल्यादाखल दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले.

मिठागरात राबणाऱ्याच्या आणि सूर काढणाऱ्या रेंदेराच्या बाजूने याचा विचार करा. काल जो पिढीजात उद्योग होता, तोच नव्या परवान्याविना केला तर आज अपराध होऊ लागला. हा अपराध ठरवणारे कायदेमंडळ त्याचे नव्हते. ज्या करारातून तो आला, तो त्याने पाहिलेला नव्हता, आणि त्याची भाषा त्याला येत नव्हती. जनतेत असंतोष होता, राजकर्त्यांतही मतभेद होते. १८९२ च्या आरंभी कराराची मुदत संपली आणि तो पुन्हा केला गेला नाही. संयुक्त बाजारपेठ झाली, तिच्या रक्षणासाठी दंड सीमेपलीकडे गेला, पण दाद मागण्याची वाट मात्र सीमेवरच थांबली. राष्ट्रांच्या संघात दंडविधान कसे वाढते, याचा पहिला धडा असा आपल्या घराशेजारीच मिळतो.

युरोपातील वाटचाल

आता युरोपकडे वळू. १९५७ मध्ये रोम येथे ६ राष्ट्रांनी करार करून आर्थिक समुदाय स्थापन केला. आज युरोपीय संघात २७ राष्ट्रे आहेत. हा संघ धड एक राष्ट्र नाही, आणि नुसती मैत्रीही नाही. ठरावीक विषयांत त्याने केलेला कायदा सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतो, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी लक्झेंबर्ग येथे न्यायालय आहे. अशा संघाला राष्ट्रोपरी संघ म्हणतात. रोमच्या कराराने माल, श्रम आणि भांडवल यांच्या सीमा मोकळ्या करण्याचे ठरविले, पण गुन्हा आणि शिक्षा हा विषय राष्ट्रांनी आपल्याच हाती ठेवला. शिक्षा करण्याचा अधिकार म्हणजे सार्वभौमत्वाचा गाभा, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेला पहिला मोठा धक्का दिला तो मक्याने. १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात पिकलेला मका ग्रीसमधून बेल्जियमला गेला, आणि कागदोपत्री तो ग्रीसचा म्हणून दाखविला गेला. बाहेरच्या धान्यावरील आकार त्यामुळे बुडाला. तो आकार समुदायाच्या तिजोरीत जावयाचा होता. ग्रीसने दोषींवर कारवाई केली नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २१ सप्टेंबर १९८९ रोजी निर्णय दिला, की राष्ट्राने स्वतःच्या कायद्याचा भंग झाल्यावर जी तत्परता दाखवावी, तीच समुदायाच्या कायद्याचा भंग झाल्यावरही दाखविली पाहिजे, आणि शिक्षा परिणामकारक, प्रमाणशीर व जरब बसविणारी असली पाहिजे. करारात दंडाचा अधिकार लिहिलेला नव्हता. सामायिक तिजोरीच्या रक्षणातून तो उगवला. आपल्याकडे १८८० मध्ये मिठाने आणि सुरेने जे घडविले, तेच तेथे शंभर वर्षांनंतर मक्याने घडविले.

पुढची पावले वेगाने पडली. शेंगेन करारामुळे १९९५ पासून अनेक राष्ट्रांमधील सीमेवरची तपासणी बंद झाली. पोर्तुगाल त्यांत पहिल्यापासून होता. सीमा प्रवाशाला मोकळी झाली तशी चोरालाही झाली. मग १९९९ मध्ये फिनलंडमधील टॅम्पेरे येथील परिषदेत परस्पर मान्यतेचे तत्त्व स्वीकारले गेले. सगळ्यांचा कायदा एक करणे अशक्य असेल, तर प्रत्येकाने दुसऱ्याच्या न्यायालयाचा आदेश आपल्याच न्यायालयाचा आहे असे समजून पाळावा, असे हे तत्त्व. त्यातून २००२ मध्ये युरोपीय अटक वॉरंटचा निर्णय झाला आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. पूर्वी प्रत्यार्पण मंत्र्यांच्या मर्जीवर असे आणि वर्षानुवर्षे चाले. आता निर्णय न्यायाधीशाने करावयाचा, तोही सामान्यतः ६० दिवसांत. ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत, शिक्षेची कमाल मर्यादा किमान ३ वर्षे असेल, तर ते कृत्य दोन्ही राष्ट्रांत अपराध आहे की नाही, हे पाहण्याचीही गरज उरली नाही.

मग आला लिस्बनचा दुसरा करार. १३ डिसेंबर २००७ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि १ डिसेंबर २००९ पासून तो अमलात आला. दहशतवाद, मानवी व्यापार, लाचलुचपत, संगणकीय गुन्हे अशा सीमापार गंभीर गुन्ह्यांच्या किमान व्याख्या आणि शिक्षा ठरविण्याचा अधिकार त्याने संघाला स्पष्टपणे दिला. मात्र आपल्या न्यायव्यवस्थेच्या मूलभूत अंगाला धक्का बसतो असे एखाद्या राष्ट्राला वाटले, तर त्याला तो प्रस्ताव रोखून धरता येतो. संघाच्या निधीतील अफरातफरीचा तपास करणारे युरोपीय अभियोक्ता कार्यालय १ जून २०२१ पासून काम करू लागले, आणि त्यात आजही सर्व २७ राष्ट्रे सामील नाहीत. राज्याच्या संमतीवाचून केंद्रीय अन्वेषण विभागाला त्या राज्यात तपास करता यावा की नाही, हा आपल्याकडचा वाद याच जातीचा आहे. महाराष्ट्राने अशी सर्वसाधारण संमती २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये पुन्हा दिली.

विश्वास आणि त्याची मर्यादा

परस्पर मान्यता म्हणजे परस्परांवरचा विश्वास. पण हा विश्वास कोणाच्या जिवावर ठेवायचा? अटक होणार ती एका जिवंत माणसाला. २००५ मध्ये जर्मनीच्या संविधान न्यायालयाने अटक वॉरंटसाठी केलेला आपल्या देशाचा कायदा रद्द ठरविला. स्वतःच्या नागरिकाला परदेशाच्या हवाली करताना त्याच्या मूलभूत हक्कांचा पुरेसा विचार कायद्याने केला नव्हता, हे त्याचे कारण होते. जर्मनीला दुसऱ्या वर्षी नवा कायदा करावा लागला.

त्याहून महत्त्वाचा निर्णय ५ एप्रिल २०१६ चा. हंगेरी आणि रुमानिया यांनी मागितलेल्या दोघांना सोपविण्याचा प्रश्न जर्मनीतील ब्रेमेनच्या न्यायालयापुढे होता. त्या देशांतील तुरुंगांत कैदी दाटीवाटीने कोंबले जातात, असे पुरावे होते. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले, की या विशिष्ट माणसाला अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका आहे का, याची चौकशी न्यायाधीशाने केली पाहिजे, आणि तो धोका दूर होईपर्यंत त्याला सोपविता येणार नाही. म्हणजे वॉरंट आले २००४ मध्ये, आणि त्याच्याबरोबर तुरुंगाच्या खोलीपर्यंत जाणारा प्रश्न आला १२ वर्षांनी. अटकेतील माणसाला त्याला समजणाऱ्या भाषेत दुभाषा मिळावा, हा संघाचा नियमही २०१० चा आहे. वकिलाच्या साहाय्याचा नियम २०१३ चा आहे. दंड पुढे आणि हक्क मागे, हा क्रम येथेही चुकला नाही. फरक इतकाच, की तेथे मागून येणाऱ्या हक्कांनी पुढे गेलेल्या दंडाला गाठण्याचा प्रयत्न सोडला नाही.

गोव्याचा अनुभव

भारताची वाट याच्या उलट दिशेने गेली. युरोपने बाजार आधी एक केला आणि दंडविधानाला शेवटी हात घातला. आपल्याकडे इंग्रजी राजवटीने १८६० मध्येच दंड संहिता केली आणि १८६२ पासून ती लागू केली. विवाह, वारसा यांचे कायदे मात्र निरनिराळे राहिले. एकच सत्ता वरून कायदा देत होती, तेव्हा एका प्रांताने दुसऱ्या प्रांताच्या न्यायालयावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्नच कोणी विचारला नाही.

या दोन वाटा जेथे मिळतात, तेथे गोवा उभा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले, आणि १९६२ व १९६३ च्या नियमनांनी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा अधिनियम येथे आणले. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता कुटुंब आणि वारसा यांच्या बाबतीत राहिली. १८८६ ची पोर्तुगीज दंड संहिता गेली. ते आवश्यकच होते. परकीय सत्तेचा दंड मुक्त भूमीवर कसा राहील?

तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. पोर्तुगालने १८६७ मध्ये मुलकी गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा रद्द केली आणि १८७० मध्ये ती तरतूद सागरापारच्या प्रांतांनाही लागू केली. जन्मठेपही १८८४ मध्ये तेथे रद्द झाली होती. भारतीय दंड संहितेबरोबर या दोन्ही शिक्षा गोव्याच्या भूमीवर आल्या. संघात सामील होताना एका प्रदेशाच्या कायद्यातील सौम्यता नकळत गळून पडली, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही.

यावरून पोर्तुगीज कायदा दयाळू होता असा अर्थ कोणी काढू नये. डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने ८ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधील पेनीशच्या किल्ल्यात ठेवले. मोहन रानडे यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाल्यावरही ते लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते आणि १९६९ मध्ये सुटले. ज्या भूमीसाठी त्यांनी शिक्षा भोगली, ती मुक्त होऊन ७ वर्षे उलटली तरी त्यांची बेडी सुटली नाही. शिक्षेची सौम्यता संहितेत असते. न्याय मात्र तिला राबविणाऱ्या न्यायालयावर, आणि त्या न्यायालयाला जाब विचारू शकणाऱ्या लोकांवर अवलंबून असतो.

काळाचा योगायोग पाहा. २००२ मध्ये अबू सालेम लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यामुळे भारताला लेखी हमी द्यावी लागली, की त्याला देहान्त शिक्षा होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. २००५ मध्ये तो भारताच्या हवाली झाला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालय आपल्या कायद्याप्रमाणेच शिक्षा देईल, पण २५ वर्षे पूर्ण झाल्यावर दिलेला शब्द पाळण्यास केंद्र सरकार बांधलेले आहे. त्या स्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्यांना हे कडू वाटले असेल, आणि त्यांच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे. पण शब्द मोडला असता, तर पुढचा अपराधी कोणत्याही देशाने आपल्या हाती दिला नसता. अत्यंत घोर आरोप असलेल्या माणसाच्या बाबतीतही हमी सीमा ओलांडून आली आणि टिकली, हे न्यायाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

आपल्यापुढील प्रश्न

मग देशांतर्गत सीमांचे काय? आपल्याकडे वॉरंटला राज्याची सीमा नाही. आरोपीचा पाठलाग करीत पोलीस भारतात कोठेही जाऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्यांनुसार गुन्हा कोठेही घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. पीडिताच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. आरोपीचा हक्क मात्र सावकाश चालतो. दुसऱ्या राज्यात गुन्हा नोंदविला गेल्यावर राहत्या ठिकाणच्या न्यायालयाकडून मर्यादित काळापुरता अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. गुन्हा आणि वॉरंट यांना देश एक होऊन कैक वर्षे झाली होती.

म्हणून तीन गोष्टी माझ्या मते अगत्याच्या आहेत. दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी आरोपीला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात, तेव्हा त्या न्यायाधीशाने नुसता शिक्का न मारता अटकेचे कारण तपासावे. जेथे नेले जाईल तेथे त्याला कळणाऱ्या भाषेत, मराठीत वा कोंकणीत, आरोप समजावून सांगितला जावा. आणि कोणत्या तुरुंगात ठेवणार, याची माहिती त्याच्या कुटुंबाला त्याच दिवशी मिळावी. यांतील बरेचसे आजच्या कायद्यात आहे. ते पाळले जाते की नाही, हे पाहणारे डोळे हवेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण शिक्षणासाठी, नोकरीसाठी सीमा ओलांडणार आहात. कोणी दोडामार्गापलीकडे जाईल, कोणी पोर्तुगीज पारपत्रावर युरोपातही जाईल. तेथे गेल्यावर तुम्ही त्या भूमीच्या दंडाखाली असाल, हे विसरू नका. आणि तुमच्या गावात परप्रांतातून आलेला मजूर पोलिसांच्या गाडीत बसविला जाताना दिसेल, तेव्हा त्याच्याही बरोबर त्याचे हक्क आले आहेत, हेही विसरू नका. संघ टिकतो तो नकाशावरच्या एका रंगाने टिकत नाही. आपल्या माणसाला परक्या ठिकाणी जो न्याय मिळावा असे आपण इच्छितो, तो परक्याला आपल्या दारी देण्याची तयारी असेल, तरच त्याला आधार असतो.